बाळंतिणीचा पाया

रविवार, सकाळचे आठ, औशातलं मटणाचं दुकान. लातूर नुकताच जिल्हा झालेला आणि वर दुष्काळ. माझ्या पुढे उभी असलेली शेजारची पारूमावशी खाटकाला म्हणाली, “चाचा, पाया द्या. लेक बाळंत झालीय, दूध उतरंना.”

“बोकड कापायला बंदी हाय, मावशी. धुवायला पाणी न्हाई, म्हणून तहसीलदार साहेबांचा हुकूम.”

“सासऱ्याच्या दुखण्यात कलेजी नेली, आता लेकीला पाया. माझ्यासाठी कवा मागितलं का?”

ती रिकामी पिशवी घेऊन गेली.

दुपारी विश्रामगृहात त्याच साहेबांनी दुष्काळाची माहिती द्यायला आम्हा पत्रकारांना जेवायला बोलावलं. ताटात पायाचा रस्सा होता. मी विचारलं, “साहेब, हा बोकड कुठल्या पाण्यानं धुतला?”

“आधी जेवून घ्या.”

त्या दिवशी आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर आला नाही. तो कुठे रिकामा झाला, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही.