आप्पांची पिकअप उंच करायची आहे

हारुन : किती म्हणालात?

पितांबर : सहा इंच. आठ झाली तरी चालीन.

हारुन : आप्पा, वीस वर्षं तुमची पपई वाहून या पिकअपची कंबर बसली. आता म्हातारपणी तिला उंच टाचांच्या चपला घालायच्या का?

पितांबर : तू मिस्तरी शे. मिस्तरीनं पाना चालवावा, तोंड नही. हे दख मोबाइलमा. चाकं दख. माणूस शेजारी उभा राहिला तर त्याची टोपी दिसत नही.

हारुन : कुठली आहे ही?

पितांबर : परदेशनी. वाळवंटमा चालस.

हारुन : आणि आपण लोणखेड्याला. तुमच्या दारापासून शेतापर्यंत डांबरी सडक. मागच्या महिन्यात पंप पाहायला आलो होतो, चपलेला धूळ लागली नाही.

पितांबर : शेतासाठी नको शे. तू लिहून घे. जाड नक्षीचे टायर. पुढे लोखंडी बंपर. टपावर लाइटांची रांग. ती दोर गुंडाळणारी मोटर, झाडाला बांधली की गाडी स्वतःच स्वतःला वढी काढस, ती. आणि खिडकीजवळून वर गेलेलं हे नळकांडं.

हारुन : नळकांडं कशाला असतं माहीत आहे?

पितांबर : दिसाले चांगलं दिसस.

हारुन : ते गाडीच्या श्वासाला असतं. गाडी गळ्यापर्यंत पाण्यात उतरली की इंजिन त्यातून हवा ओढतं. आत्ता ओढ्यात बकरीचा खूर बुडत नाही. तुम्हाला गाडी कुठं बुडवायची आहे?

पितांबर : हारुन, तुले काम पाहिजे का नको?

हारुन : पाहिजे ना. पण रोग कळल्याशिवाय मी बोनेट उघडत नाही. भाभी, तुम्ही तरी बोला. आल्यापासून बाकावर बसून तोंडाला पदर लावताय.

भिकुबाई : मी काय बोलू भाऊ. मी आपली सोबतले उनी.

पितांबर : तू गप ऱ्हाय.

भिकुबाई : गपच शे. मी बैलस्नं नाव तरी काढं का?

हारुन : कुठले बैल?

पितांबर : झालं.

भिकुबाई : आते त्यास्नी विचारं त सांगनं पडी. भाऊ, आमनी स्वप्नाली धडगावना वर, डोंगरमा नर्स शे. जावाई धर्मेंद्र तठेच आश्रमशाळावर मास्तर. सासू रुक्मिणीबाई बी त्यास्ना संगेच ऱ्हास. मांगला साल आखाजीले, अक्षय तृतीयाना सणले, पोरले माहेरले आणाले हाई स्वतः मुऱ्हाळी व्हईसन ग्यात.

हारुन : मुऱ्हाळी म्हणून भाऊ जातो ना? नवनीत कुठं होता?

भिकुबाई : सुरतले. सुट्टी नही भेटनी. मंग बाप निंघना, हीच गाडी लिसन. शेवटना चढवर गाडी फसनी. चाकं जागावर फिरी ऱ्हायनात, धूर, धूळ, आणि वर आख्खं गाव उभं. मंग रुक्मिणीबाईनी बैल धाडात. बैलस्नी गाडी वढीसन दारशी नेली. आणि तठे तिनी ताट आणं, आधी बैलस्ले ओवाळं, मंग यास्ले.

पितांबर : बैल दमले होते, म्हणून.

हारुन : आणि पुरणपोळी?

भिकुबाई : ती बी बैलस्ले आधी. स्वप्नालीनी फोनवर सांगं. तिले हसता हसता बोलता येत नव्हतं.

पितांबर : पोरगी नेमकी कोणाची शे तेच मला समजत नही. तरी तेवढंच असतं तर मी गिळलं असतं. परवा विहीणबाईंचा फोन. म्हणे, व्याही, औंदा बैल खाली फाट्यावरच धाडू का?

हारुन : माफ करा आप्पा. थांबा, पाणी पितो. हां, बोला.

पितांबर : हसून घे. मग दुसरी गोष्ट ऐक. नातू सहा महिन्यांचा शे. वडापची जीप फाट्यावर सोडते, तिथून वर तीन किलोमीटर पायी. बाईंनी स्पष्ट सांगितलं, गाडी दाराशी आली तर बाळ माहेरी जाईल, नाही आली तर यंदाची आखाजी इथंच. या उन्हात बाळाला कडेवर घेऊन मी सुनेला उतरू देणार नाही, म्हणे. आणि तिचं चुकलं असंही म्हणता येत नही, हाच मोठा त्रास.

भिकुबाई : मी लिंबवर झोका बांधी ठेवा शे, भाऊ. एक तिना, एक धाकला त्याना.

हारुन : आखाजीला किती दिवस?

पितांबर : चार. म्हणून तर म्हणतो, उंच कर.

हारुन : ऐका मग. उंचीचं सामान सुरतहून यायला आठ दिवस. बसवलं तरी आरटीओवाला कागद मागणार, तो मी कुठून देऊ? आणि घाटाच्या वळणाला उंच गाडी कशी डुलते ठाऊक आहे? आत बाळ असणार. आता मी विचारतो तेवढंच सांगा. कोणती चाकं फिरत होती?

पितांबर : मागची. पुढची मुकाट उभी.

हारुन : गिअर?

पितांबर : पहिला. चाळीस वर्षं गाडी चालवतो, मला गिअर विचारतो.

हारुन : टायर?

पितांबर : मागचे नवे घातले होते. तूच घातले.

हारुन : खरं आहे. मागे हौद्यात काय भरलं होतं?

पितांबर : हौद्यात काय भरायचं? पोरीला आणाले गेलो होतो, बाजारला नही. मोकळा होता.

भिकुबाई : मी भरेल व्हता.

पितांबर : झालं परत सुरू.

भिकुबाई : चार पोता दादर ज्वारी, दोन पोता गहू, आंबास्ना दोन कॅरेट. विहीणना घर रिकामा हात जावाना नही म्हनीसन मी पहाटले भरी ठेवं. पानीनी बाटली लेवाले घरमा वळनी, तवशीक यास्नी बठ्ठं, पोतं न् पोतं, उतारी टाकं.

हारुन : का हो आप्पा?

पितांबर : घाट शे. ओझ्यानं डिझेल जास्त जातं. साधा हिशोब शे.

हारुन : भाभी, तुमच्या बाकावर जरा जागा द्या. मला बसलं पाहिजे.

पितांबर : तुला काय झालं?

हारुन : आप्पा, या गाडीचं इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. मागे ओझं नसलं की चढावर ती चाकं जमिनीला नुसत्या गुदगुल्या करतात. धरत नाहीत. पपई भरली असताना गाडी कधी फसली?

पितांबर : नही. चिखलातून काढली, नाल्यातून काढली. एकदाही नही.

हारुन : मग त्या दिवशी दादरच्या पोत्यांचं काम बैलांना करावं लागलं. विहीणबाईंनी ओवाळलं ते बरोबर जागीच ओवाळलं.

पितांबर : म्हणजे नुसतं वजन पाहिजे?

हारुन : वजन पाहिजे.

पितांबर : हे आधी नही सांगायचं? वाळूची पोती टाकतो. फुकटात काम.

हारुन : टाका. गाडी चढेल, शंभर टक्के. फक्त वर गेल्यावर काय होईल ते बघा. मुऱ्हाळी आला, हौद्यात पोती. विहीणबाई आधी मोजतील. मग एकाचं तोंड सोडून आत हात घालतील. आख्ख्या गावासमोर.

भिकुबाई : ती घालीच. ती लगननी साडी बी उलटी करीसन दखे.

हारुन : आणि मुठीत वाळू आली तर पुढच्या वर्षी त्या काय पाठवतील, मी सांगू शकत नाही. बैल तर परवडले.

पितांबर : किती भरावं लागेल?

हारुन : सहा क्विंटल.

पितांबर : सहा? लग्नात आहेर इतका नव्हता.

हारुन : चढ मोठा आहे, आप्पा.

पितांबर : आणि उंची काहीच नही? लोकांना काही दिसलं पाहिजे ना.

हारुन : मागे स्प्रिंगचा एक पाटा वाढवतो. बसलेली कंबर सरळ होईल, दोन इंच उचलल्यासारखी दिसेल. जाड नक्षीचे टायर मागे दोन. खाली इंजिनाला पत्रा, दगड लागू नये म्हणून. आणि पुढे एक मजबूत हुक.

पितांबर : हुक कशाला?

हारुन : कधी ओढायची वेळ आलीच तर...

पितांबर : हुक नको.

हारुन : असू द्या, लहानसा.

पितांबर : हुक नको सांगितलं. लाइटांची रांग लाव.

हारुन : तुम्ही तर दिवसा जाणार.

पितांबर : लाव.

हारुन : एक लावतो. रांग समजून घ्या.

पितांबर : टायर दाखव. तिकडे टपरीच्या मागे ठेवलेत ते का? मी पाहून येतो.

भिकुबाई : ग्यात का?

हारुन : गेले.

भिकुबाई : हारुनभाऊ, खरं सांगा. सहा क्विंटल लागतस?

हारुन : चारात काम झालं असतं.

भिकुबाई : मंग?

हारुन : दोन मागच्या वर्षीचे.

भिकुबाई : तुमना घर आखाजीना आमरस धाडसू. तुमनी घरवाली शगुफ्ताले सांगा, त्या दिन भाजी करू नको.

*

(तीन दिवसांनी. फोनवर.)

भिकुबाई : हारुनभाऊ, ऐकू येस का? आम्ही चढना खाले शेतस. मी बी उनी संगे. म्हनं वजन पाहिजे ना.

हारुन : वर कोण आहे?

भिकुबाई : रुक्मिणीबाई. आख्खं गाव. आणि बैल.

हारुन : जुंपलेले?

भिकुबाई : जुंपेल. शिंगस्ले रंग देयेल शे.

पितांबर : मुद्दाम करते ती. हारुन, सांग लवकर. ऊन चढतंय.

हारुन : मागच्या दोन चाकांची थोडी हवा सोडा. टायर जरा पसरला पाहिजे. सोडली? आता पहिला गिअर. क्लच पूर्ण सोडा, पाय त्याच्यावर ठेवू नका. आणि मध्ये थांबायचं नाही, कोणी हात केला तरी नाही.

पितांबर : विहीणबाईंनी केला तरी?

हारुन : त्यांनी केला तर मुळीच नाही.

भिकुबाई : निंघनी भाऊ. पहिलं वळण झायं. आते दगड शेतस. मांगला साल अठेच फसेल व्हती, चाकस्नी खूण आजून शे.

हारुन : आप्पा, अ‍ॅक्सिलेटर नाचवू नका. एकसारखा धरा.

पितांबर : मला शिकवू नको.

भिकुबाई : चाक फिरनं. भाऊ, मांगनं चाक फिरनं.

हारुन : पाय हलवू नका. धरेल ते. धरलं का?

भिकुबाई : धरं. धरं भाऊ. चढी ऱ्हायनी. बैलस्ना जोडे उनी. बैल आमनाकडे दखी ऱ्हायनात.

हारुन : आप्पा कुठं बघताहेत?

भिकुबाई : हाई बी बैलस्कडेच.

पितांबर : समोर बघतोय. आलो. दाराशी आलो. हारुन, दाराशी. अंगणात.

हारुन : मुबारक, आप्पा. ओवाळलं का?

भिकुबाई : ओवाळी ऱ्हायनी. आधी बाळले, दारमा आणेल शे म्हनीसन. आते गाडीले. आते पोतास्ले. हात लाया... एक सोडं. मुठीमा दादर लिधी. वास लिधा. हसनी भाऊ, हसनी. आते यास्ले.

हारुन : म्हणजे चौथे.

पितांबर : फोन ठेव.

*

भिकुबाई : भाऊ, परत मी. जेवण झायं. बठ्ठी पोता तिनी घरमा लिधात. आणि आते ध्यानमा उनं, जाताना बी मधमा एक नाला शे, उतरीसन परत चढ.

हारुन : तुमची गाडी मोकळी आणि समोर चढ. मागच्या वर्षी कशी निघाली होती?

भिकुबाई : बैल.

हारुन : बरोबर. विहीणबाईंनी परत काही दिलंय का भरून?

भिकुबाई : आमचूरना चार पोता. पन आमचूर हलका ऱ्हास. आणि रुक्मिणीबाई बी यी ऱ्हायनी. बाळले एकलं धाडत नही म्हनस.

हारुन : लोणखेड्याला? आखाजीभर?

पितांबर : पंधरा दिवस म्हणते.

हारुन : आप्पा, ही तर लाइटांच्या रांगेपेक्षा मोठी गोष्ट झाली. मग त्यांना मागे बसवा.

भिकुबाई : विहीणले मांगे? बाळ आणि आजी पुढेच. स्वप्नाली बी पुढे. जावाई चालवी, त्याले रस्ता रोजना शे.

हारुन : मग मागे कोण राहिलं?

पितांबर : मी मुऱ्हाळी शे.

भिकुबाई : तुम्हीच आणाले उनात, तुम्हीच वजन द्या. मी बसस ना जोडे. चढा.

*

हारुन : हॅलो, आप्पा? तासभर फोन नाही, म्हणून मीच केला. नाला ओलांडला का?

पितांबर : ओलांडला.

हारुन : चढावर चाक फिरलं?

पितांबर : नही. जावयानं चांगली काढली. तुझ्या भाभी आणि मी, दोघं मागच्या चाकांच्या बरोब्बर वर बसेल होतो.

हारुन : हौद्यात कसं वाटतं?

पितांबर : आमचूरच्या पोत्यांवर बसलं की खाली टोचत नही. हवा लागते. धडगाव मागे गेलं.

हारुन : आवाज इतका बारीक का येतोय? टॉवर नाही का?

पितांबर : टॉवर शे. तू बी जरा हळू बोल. पुढे नातू झोपेल शे.