पांढरा पोशाख

केप कोस्ट शहराजवळच्या प्रार्थना-छावणीत मनाचा आजार झालेल्यांना साखळीनं बांधून ठेवत आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करत. तिथं दर गुरुवारी सरकारी नर्सबाई गोळ्या घेऊन येत. धाकट्या बहिणीच्या गोळ्यांसाठी अराबा बाकावर बसली होती. पुढं दोघीजणी बोलत होत्या.

"मुलाला पहिल्यांदाच आणलंत?"

"दुसऱ्यांदा."

"मागं गुण आला नव्हता?"

"आला की. पाळकसाहेबांची प्रार्थना आणि या बाईंच्या गोळ्या. पाच महिन्यांत पायातली साखळी निघाली. पुन्हा होडीवर जायला लागला."

"मग बिघडलं कुठं?"

"रविवारी साक्ष दिली. पांढरे कपडे घालून सगळ्या मंडळीसमोर म्हणाला, देवानं मला बरं केलं. लोक नाचले. मीही नाचले."

"नाचणारच हो."

"घरी गोळी हातावर ठेवली तर म्हणाला, आई, आता ही घेतली तर माझी साक्ष खोटी ठरेल."

"मग समजावायचं ना."

"काय समजावणार? शेजारीण दारात उभी होती. मीच डबी चुलीत टाकली."

"आता कुठंय तो?"

"त्या आंब्याखाली. मला ओळखत नाही."

रांग पुढं सरकली. दोघी गेल्या. नर्सबाईंनी अराबाच्या बहिणीचं कार्ड काढलं.

"एकुआ आता छान आहे. रविवारी साक्ष ना तिची? पाळकसाहेब सांगत होते."

बहिणीसाठी शिवून आणलेल्या पांढऱ्या पोशाखाची पिशवी अराबानं पायानं मागं सारली.

"नाही बाई. तिला ताप आलाय," ती म्हणाली. "गोळ्या तेवढ्या जास्तीच्या द्या."