गार्गीचं दळण

न्हाई न्हाई, ख्वाजाभाई, वरवर फडकं मारून जमायचं न्हाई, दगड खोला म्हणलं मी – हां, पूर्ण खोला – अन् हा खालचा कापडी नळा काढूनच टाका, त्यात गव्हाचं पीठ बसलेलं असतंय. हा घ्या नवा, माझ्या धुतल्या लुगड्याचा शिवलाय. मला दिसू राह्यलंय, लोकाइचे डबे लाइनीत लागलेत, उद्या बाजार हाय – पण हे दळण माझ्या नातीचं हाय. गार्गीचं. माझ्या हरिओमची पोरगी हो, पुण्याला असतेत न ते. तीन वर्षांची होईल आता दिवाळीत. तिला गहू चालत न्हाई. बिलकुल न्हाई – पोळी न्हाई, रवा न्हाई, बिस्कुट न्हाई – चिमूटभर पोटात गेला तरी पोट फुगतंय, हगवण लागती, चार-चार दिवस लेकरू मलूल. डॉक्टरनं तपासून लिहून दिलंय, जन्मभराचं. हसता काय? मीबी हसले होते पहिल्यांदा. घरात गव्हाची पोती लागलेली अन् घरच्याच लेकराला गहू चालत न्हाई म्हणं.

तर परवा महालक्ष्म्या बसणार. अन् हरिओम काय म्हणतो, आई, गिरणीवाल्याला फोनवर दे, त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की गिरणी साफ करून मंग ज्वारी दळली, तरच गार्गीला आणतो, न्हाई तर यंदा आम्ही पुण्यालाच. म्हणून म्हणते, दोन शब्द बोला, बस. येईलच त्याचा फोन आता. तुमच्या दोन शब्दांवर माझा सण हाय, ख्वाजाभाई – सोळा भाज्या रांधायच्या अन् पानावर नातच न्हाई तर कुणासाठी रांधायच्या?

विहीणबाईला मात्र गिरणीची गरज पडत न्हाई. बेबीनंदा, सुनेची आई, धावडा गावची. ती जात्यावर दळती! सत्तर गावात आता कुणाच्या घरी जातं हाय का? हिच्या हाय. मागच्या साली महालक्ष्म्याला आली तर चार डबे घेऊन – ज्वारीचं पीठ, तांदळाचं पीठ, स्वतः कांडलेला मसाला – अन् हिंग! हिंग कामून आणला म्हणलं, तर म्हणती, ताई, बाजारच्या हिंगातबी गहू राह्यतो. हे तिला कुणी सांगितलं? सुनेनं. मला सांगितलं का कुणी? न्हाई. मी आपली भाजीत हिंग घालून बसले, तर सून गुमान उठली अन् गार्गीसाठी दुसरी भाजी टाकली. माझ्या चुलीवर.

अन् पोरगी तर नुसती तिलाच चिकटलेली. हिनं ज्वारीची उकड काढली, त्यात पुरण भरलं, तळहाताएवढी पोळी केली – दिसायला कशीतरीच, फाटकी – अन् गार्गी चिमणीसारखं तोंड उघडून हिच्यापुढं. नानी, आनखी. नानी, आनखी. मी म्हणलं, ये गं, आजीकडं ये, मी चारते. तर तोंड फिरवलं. सगळ्या बायांत. अन् विहीणबाई काय म्हणती, तिला माझ्या हातची सवय हाय न ताई. गोडच बोलती ती, तेच तर. भांडखोर असती तर दोन हात केले असते. माझी नात, माझ्या घरच्या लक्ष्म्या, अन् सवय हिच्या हातची! जळले मी, खोटं कामून बोलू.

मंग त्यात लेकरू आजारी पडलं अन् सगळं तुमच्या गिरणीवर आलं. हो, मला माहीत हाय, हरिओम इथं येऊन चार लोकांत बोलला तुम्हाला. बोलायला नको होतं. तुम्ही म्हणतच होते, आधी तांदूळ दळून गिरणीतला गहू काढला, मंग ज्वारी दळली, म्हणून – पण पोरगी दवाखान्यात, बापाचं डोकं फिरलेलं, कोण ऐकतं? तसं पाहिलं तर तुमच्या पिठाची भाकर तिनं गिळलीबी न्हवती, थुंकून टाकली होती, तर तुमचा दोष –

काय न्हाई. तुम्ही ब्रश मारा.

अहो, थांबले कामून? – तसं पाहू नका. भाकर खाल्ली म्हणून सांगितलं मी घरी, मंग काय सांगणार? – प्रसाद होता तो. लक्ष्मीपुढच्या पानातला. सगळे जेवून आडवे झाले होते, गार्गी एकटीच मखरापाशी खेळू राह्यली होती. अन् ती आपणहून आली माझ्याकडं, मांडीवर बसली. मी पुरणपोळीचा एवढासा तुकडा मोडला, तुपात बुडवला. म्हणलं, देवीपुढचा नैवेद्य कसा बाधंल? खरं सांगू, तेबी नंतर म्हणलं. आधी तर एवढंच म्हणलं की खाऊ दे एकदा माझ्या हातचं, विसरंल तिची नानी. अन् तिनं खाल्लं हो, ख्वाजाभाई. आजी, आनखी म्हणली. मी आनखी दिलं.

आला पाहा फोन. घ्या. बोला – साफ करून राह्यलो, एवढंच म्हणा, खोटं थोडंच हाय, दगड तर खोललेलेच हायत. घ्या न. हात कामून मागं घेतला? – अहो, वाजून बंद होईल. – मी? मी काय सांगू?

हॅलो. हां, हरिओम. हां, गिरणीवरच हाय. ख्वाजाभाई हायत इथंच. ते – ऐक. मागच्या साली ह्यांची काही चूक न्हवती. उगंच बोललास माणसाला. भाकर न्हवती खाल्ली तिनं. पोळी मी चारली होती. – मी. – हां, गव्हाची. – ठाऊक होतं. – हरिओम? – कोण बोलू राह्यलंय मागं? विहीणबाई? तिथंच हायत? – स्पीकरवर हाय? सगळं? – हां. दे. बोला, विहीणबाई. – हां. – हां. – बरं. ठेवते.

येतेत म्हणं. उद्या संध्याकाळी. विहीणबाई म्हणल्या, होतं असं ताई, मनाला लावून घेऊ नका, मी घेऊन येते गार्गीला, माझ्यासमोर तुम्ही चारा. ऐकलं? माझ्या नातीला, माझ्या घरी, ती घेऊन येणार – अन् ती समोर बसणार, तवा मी चारायचं!

पाहून काय राह्यले? दगड बसवा अन् दळा जल्दी. अन् एक शब्द बोलू नका आता माझ्याशी.