मालक : गणपती

विषय : बोहाड्याचा गणपती व्हेनिसहून परत मिळण्याबाबत.

मंडळी, हसू नका, विषय गंभीर आहे. सूर्यमाळ गावच्या काळूबाबांच्या घराला बोहाड्यात, म्हणजे देवांचे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवात, गणपतीचा मुखवटा घालून नाचायचा मान आहे. तो नाचल्याशिवाय बाकीचे देव बाहेर पडत नाहीत. तोच मुखवटा इटलीच्या कलाप्रदर्शनाला नेला. सोबत काळूबाबा, आणि अर्ज लिहिता येतो म्हणून मी.

व्हेनिसच्या गल्लीगल्लीत मुखवट्यांची दुकानं. काळूबाबांनी एका दुकानातल्या मुलीला माझ्यामार्फत विचारलं, "हा मुखवटा कोनाच्या घरचा?"

"जो विकत घेईल त्याच्या."

"कोनी पन घालायचा? मंग देव रागवत नाही?"

"यात देव नसतो."

"म्हंजे नुसता पुठ्ठाच विकते का गं?"

याचं भाषांतर मी केलं नाही.

प्रदर्शन संपल्यावर आम्ही आमचा मुखवटा मागितला. तिथल्या बाई म्हणाल्या, कलाकृती फक्त मालकाला मिळेल, फॉर्म भरा. मला एकदम आपल्या तालुक्यात आल्यासारखं वाटलं.

"काळूबाबा, मालक म्हणून तुमचं नाव लिहू?"

"भाऊसाहेब, मी कसा मालक? मी त्याला फक्त तोंडावर चढवतो. देवाच्या कागदावर खोटं नको लिवू."

मग मी रकान्यात 'गणपती' लिहिलं. बाईंनी गणपतीची सही आणि ओळखपत्र मागितलं.

आम्ही हात हलवत परत आलो. बोहाडा आठवड्यावर आलाय, बाकीचे देव रंग लावून तयार आहेत. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.