द्वारकाकाकीची बरणी

मंडळी, मला सांगा, बाटतं ते काय? फळ बाटतं, की जीभ? माना डोलवू नका! माना शेळ्यासुद्धा डोलवतात. उत्तर द्या!

येत नाही? मग ऐका.

सावंतवाडीच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या वाडीत द्वारकाकाकी राहायची. परसात एक जांभूळ. ज्येष्ठात झाड लगडलं की खाली जुनेर अंथरायची, फुटकं फळ तिला चालायचं नाही. टपोरी जांभळं फडक्यानं पुसायची, पाणी लावायचं नाही! चिनीमातीच्या बरणीत जांभळं, खडीसाखर, चार लवंगा आणि वरून काजूची दारू. दादरा बांधून बरणी तांदळाच्या कणगीत. उघडायची थेट दिवाळीनंतर.

पहिली करवंटी वाडीच्या राखणदाराला, वेशीवरच्या देवाला. उरलेली कुणाच्या पोटात कळ आली, बाळंतीण गारठली, तर चमचाभर. — ओ खांबामागचे! चमचाभर म्हटलं मी, तांब्याभर नाही!

तर काय झालं? देवळाच्या कमिटीवर नवा अध्यक्ष आला, तात्या सरमळकर. कपाळावर गंध एवढं, की उरलेल्यात भिंत सारवून होईल! म्हणाला, "दारू करणाऱ्या बाईच्या दारात पालखी थांबायची नाय!" अहो, काकीच्या आजेसासऱ्यापासून थांबणारी पालखी! नुसतं बोलून भागलं नाही. कमिटीतले चार जण घेऊन आला आणि बरणी उचलली. "ओढ्यात ओततो," म्हणे.

काकी रडली का? छे! तिनं अंगण सारवलं, रांगोळी घातली, आरती घेऊन दारात उभी राहिली.

कार्तिकातली दुपार. झांजा वाजवत पालखी आली. तात्या पुढं, हात हलवतोय, "चला, चला, थांबू नका!" आणि देवाच्या नावाचा गजर करायला त्यानं आ वासला...

काकी थेट पालखीच्या आडवी!

"तात्या, जीभ काढ भायर!"

"काय गो काकी, मी काय पोर?"

"जीभ जांभळी कशी रे तुझी?"

"ती... जांभळां खाल्लंय!"

"कार्तिकात? खंयच्या झाडाची? माका पण दाखव तां झाड!"

भोई फिसकन हसले. काकी नाही हसली हो! डोळ्यांत नुसता जाळ. "ओढ्यात ओततंय म्हणालंस. तुझो घसो म्हणजे ओढो काय रे? राखणदाराची करवंटी तशीच रवली, आणि तू आधी प्यालंस! तुझ्या बायकोक बाळंतपणात कळा इल्यो, तेव्हा ह्याच बरणीतलो चमचो धावलो. तेव्हा देव नाय बाटलो?"

काकी कमिटीकडं वळली. "आता तुम्ही करा गजर! मोठ्यान! आ करून!"

आणि काय सांगू, मंडळी, चौघांचे ओठ गच्च शिवलेले! नुसत्या झांजा वाजतायत.

भोयांनी एकमेकांकडं पाहिलं. पालखी खांद्यावरून उतरली, काकीच्या रांगोळीवर. तिनं देवाला ओवाळलं.

फळ झाडाचं, झाड देवाचं. त्यात बाट कुठला? बाट त्या तोंडात, जे चोरून पितं आणि चारचौघांत दुसऱ्याच्या दाराला कुलूप लावतं!

चला, हात वर करा. देवाचं नाव घ्या, पोटातून, तोंड उघडून!

...का हो? एकदम एवढी शांतता?

उघडा की तोंडं!