जागा धरणारी

नाही नाही, तिथं बॅग नका ठेवू — अय्या, दचकलेच मी, मागून आलात ना तुम्ही — ती तेवीस नंबरची खुर्ची धरलेली आहे. हो, दिसते रिकामी, पण धरलेली आहे. पुंजाराम काकांनी पाठवलं का? त्यांना चष्म्याशिवाय रजिस्टर दिसत नाही. चिठ्ठी नंतर दाखवा, आधी ऐका. हळू बोलते हं, अभ्यासिका आहे, पलीकडं तलाठी भरतीवाले बसलेत, लगेच टेबल वाजवतात.

प्रेरणाची आहे ती खुर्ची. माझी मैत्रीण, चितेगावची. लेफ्टनंट झाली ती आता. लेफ्टनंट म्हणजे काय, माहितीये? — कुणालाच नसतं. छावणीतली जुनी माणसं लपटन म्हणतात, अमेरिकेतले लूटेनंट, आणि आपल्याकडं मधे जो फ घुसलाय तो कुठून आला, नक्की कुणीच सांगत नाही. पण शब्द मुळात फ्रेंच. ल्यू म्हणजे जागा, तनाँ म्हणजे धरणारा. जागा धरणारा! वरचा साहेब नसला की त्याच्या जागी उभं राहायचं. आपण एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो ना — तो रुमालच की! प्रेरणाला सांगितलं तेव्हा लई हसली. ट्रेनिंगला जाताना म्हणाली, "मग इथली लेफ्टनंट तू. धरून ठेव गं माझी जागा." दोन वर्षं होतील.

मी पण गेले होते ना लष्कराच्या मुलाखतीला. दोघी एकाच तुकडीत, भोपाळला. पडद्यावर एक शब्द येतो, पंधरा सेकंदांत त्यावर वाक्य लिहायचं, घंटी वाजते, पुढचा शब्द. असे साठ. मी प्रत्येक घंटीला दचकायची. एका शब्दापाशी तर, हा मूळचा कुठला असेल, याच विचारात राहिले — आणि चार घंट्या होऊन गेल्या. प्रेरणा खाली मान घालून लिहितच होती.

बोलतो ना आम्ही. रोज नाही. दिवाळीत बोललो — म्हणजे मेसेज. तेव्हा ती सुट्टीवर आली होती. चितेगाव काय लांब आहे का इथून? पैठण रोडनं पाऊण तास. मला स्टेटसवर कळलं. खांद्यावर दोन तारे, आई गालावरून हात फिरवतेय... कामं असतात गं घरी आल्यावर. तुला तू म्हटलं तर चालेल ना?

नाही, काय ते नंतर सांग. इथं नियम आहे, आठ दिवस सही नसली की खुर्ची दुसऱ्याला. मग प्रेरणाची सही... मी करते. हे सांगायचं नव्हतं मला. काकांना नाही ना सांगणार? सकाळी ते माठ भरायला वळले की पटकन तिची करते. लागोपाठ दोन सह्या करताना दिसले तर संशय येईल, म्हणून माझी संध्याकाळी, निघताना. करतेच. बहुतेक करते. निघताना डोकं इतकं भणभणलेलं असतं —

आण, चिठ्ठी दाखव आता. मी बोलते काकांशी, ते चुकून तेवीस... चोवीस? चोवीस तर माझी. ही, मी बसलेय ती. त्यांना तेवीस लिहायचं असेल. नाही, अक्षर त्यांचंच आहे. शिक्का पण आहे. म्हणजे तू मघापासून हेच... मागच्या सोमवारपासून माझी सही नाही? हो. नसेल केली.

थांबा. वह्या उचलते. कप्प्यात बाटली आहे, तीही घेते. खुर्ची जरा डुगडुगते, पायाखाली कागदाची घडी घालून घ्या. नाही हो, तेवीसवर मी कशी बसू? तुम्ही बसा. बसा म्हणते ना. आणि माझ्याकडं असं बघू नका, पुस्तक उघडा.