पान चौतीस आणि माझी सायकल

नाही, पण मला एक सांगा, देवीच्या पायाशी वही ठेवली यात माझं चुकलं काय? ठेवायचीच असते! आमच्या बंगालात सरस्वतीपूजेला ज्या विषयाची सगळ्यात धास्ती, त्याचंच पुस्तक देवीपाशी ठेवतात. अख्खं कृष्णनगर ठेवतं, मीही ठेवली... तर आळीभर बोंब, ‘फटिक मिस्त्रीनं मास्तरांची वही अडकवली!’ अहो, मी सायकलची पंक्चरं काढणारा माणूस. मला काय कळतं? मी सहावी नापास!

आता सहावी नापास का, तर म्हणे बोरं. आमच्याकडे पूजा होईपर्यंत शाळकरी पोरांनी बोर तोंडात टाकायचं नाही. टाकलं की नापास. मी दरवर्षी खिसा भरून टाकायचो. अजूनही टाकतो, आणि माझी नात झुनू बारावीत आहे ना, मुद्दाम तिच्या समोर बसून टाकतो. की सूनबाई आतून ओरडते, "बाबा, पोरीसमोर बोरं चोखू नका! आधीच फिजिक्स!" आधीच फिजिक्स... जसं काही आधीच कावीळ!

पण तुम्हाला सांगतो, दुखणं तसंच होतं. चाचणीत सत्तरपैकी एकोणीस. पास व्हायला एकवीस. पोरीला एक्स-रे काढायचं शिकायचंय, आणि कॉलेजवाले म्हणतात आधी फिजिक्स पास होऊन या. परीक्षा अठरा दिवसांवर. पोरगी जेवेना, बोलेना, माझ्या टिंगलीलासुद्धा उत्तर देईना! मी म्हटलं, आता मात्र काम गंभीर आहे.

शिकवणी होती की! भवतोष मास्तरांची. चटईवर बावीस पोरं, मास्तर खुर्चीत, मांडीवर लाल कापडाची वही. "लिहा! सायकलस्वार वळणावर आला. लिहा! थीटा बरोबर..." झुनू विचारते, "सर, पण तो का झुकतो?" मास्तर चष्म्यावरून बघतात, "‘का’ हे परीक्षेत येत नाही. लिहा!" झालं. पोरीनं पानंच्या पानं लिहिली, कळलं शून्य.

मग मी अर्धा किलो सरभाजा घेऊन गेलो मास्तरांकडे. म्हटलं, पोरीला थोडं जास्तीचं बघा. आता सरभाजा म्हणजे सायीचा, तुपात तळलेला, पाकात बुडवलेला, माणूस एक खाऊन पाणी पितो... मास्तरांनी माझ्यादेखत डबा पुसून काढला, आणि बोटं चाटत म्हणाले, "फटिकदा, वेळ अजिबात नाही. पण ही वही न्या. सत्तावीस वर्षांची गणितं आहेत. उद्या पूजा, परवा सकाळी सातला परत. सातला माझी पोरं बसतात."

बघा हं! वही दिली पूजेच्या आदल्या संध्याकाळी, आणि पूजेच्या दिवशी वाचायचं नाही, लिहायचं नाही! मग वही घेऊन पोरगी करणार काय, वारा घालणार? पण आणली. सकाळी झुनू आळीच्या मांडवात आपलं पुस्तक ठेवायला निघाली. आणि मी विचार केला, अख्ख्या आळीत सगळ्यात अवघड फिजिक्स कुठलं? तिचं पुस्तक? छे! ठेवली लाल वही थेट हंसाच्या पंखाखाली. आता यात खोडी किती आणि भक्ती किती, ते मला विचारू नका... मी सहावी नापास!

पुढचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. दुसऱ्या दिवशी भटजी येणार, पोरं दुधात बोरू बुडवून बेलाच्या पानावर तीनदा देवीचं नाव लिहिणार, मग पुस्तकं उचलायची. तोवर पेनसुद्धा हातात धरायचं नाही. आणि भटजी? अहो, त्या दोन दिवसांत चाळीस मांडव आणि एक भटजी! रस्त्यात दिसला की उचलतात. आमचा दुसऱ्या दिवशी सकाळीच कुणीतरी मोटारसायकलवर घालून नेला. निरोप आला, अकराला सोडतो.

आणि सातला मास्तर मांडवात हजर. मागे बावीस पोरं.

"फटिकदा, वही!"

"देवीपाशी आहे. घ्या की हात घालून."

मास्तरांनी हात पुढे केला, देवीकडे बघितलं, हात मागे घेतला. "हरकत नाही. तोंडी शिकवतो! सायकलस्वार वळणावर आला. थीटा बरोबर..." थांबले. "थीटा बरोबर..." पुन्हा थांबले. घाम! थंडीत घाम! शेवटी हळूच म्हणाले, "पान चौतीस."

पोरं खिदळली. पण तुम्हाला सांगतो, मला मात्र त्यांची दया आली. सत्तावीस वर्षं त्या वहीला धरून चालले, आणि मी धरायचं तेच काढून घेतलं!

तेवढ्यात झुनू बोलली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा! "सर, जड माणूस जास्त झुकेल का?"

मास्तर म्हणाले, "ते... पानावर आहे."

मी म्हटलं, पानावर कशाला, मैदानावर बघू. सायकल काढली, क्लबच्या मैदानात गोल फिरलो. हळू फिरलो, थोडा झुकलो. जोरात फिरलो, जास्त झुकलो. गोल लहान केला, आणखी झुकलो. झुनू ओरडतेय, "वेग वाढला की झुकाव वाढतो! त्रिज्या कमी झाली की वाढतो! दादू, आता वजन वाढव!"

वजन? आळीतलं सगळ्यात मोठं वजन समोरच उभं होतं.

"मास्तर, बसा कॅरियरवर."

"मी? फटिकदा, माझं गुडघ्याचं..."

"शास्त्रासाठी!"

बसले बिचारे. माझ्या कमरेला अशी मिठी की काय सांगू, पन्नास वर्षांच्या संसारात बायकोनं मारली नाही! टायर बसला, माझा श्वास बसला, पण गोल तोच, वेग तोच... आणि झुकाव? तोच! झुनू नाचायला लागली, "सारखाच! सर, वजनाचा एम दोन्हीकडून कटतो! म्हणून सूत्रात नाही!" मास्तर मागून आनंदानं किंचाळले, "कटतो! अगं, कटतोच!" आणि त्या आनंदात वळणावर बाहेरच्या बाजूला झुकले. मग काय होणार? दोघंही मांडवामागच्या पेंढ्यात! मास्तर पेंढ्यातूनच विचारतात, "पोरांनो, आपण का पडलो?" आयुष्यात पहिल्यांदा ‘का’ विचारलं हो माणसानं!

अकराला भटजी आला, वही सुटली, पान चौतीस उघडलं. तेच सूत्र. पण पुढचे पंधरा दिवस शिकवणी मैदानात. उतार, पुली, ब्रेक, सगळं माझ्या दुकानाचं सामान वापरून.

निकाल लागला. झुनू, सत्तरपैकी चव्वेचाळीस! मास्तर म्हणाले, वहीचा गुण. भटजी म्हणाला, देवीची कृपा. सूनबाई म्हणाली, यंदा पोरीनं एक बोर खाल्लं नाही. माझं नाव? कुणी काढेल तर शपथ!

मी झुनूला म्हटलं, तू तरी सांग, यात मी कुठे? तिनं कागदावर एक गोल काढला, गोलावर एक ठिपका. "हा तू, दादू. तू म्हणजे एम. तुझ्याशिवाय गणित मांडताच येत नाही."

छाती अशी फुगली म्हणता! म्हटलं, "आणि उत्तरात?"

"उत्तरात नाहीस रे. तू दोन्हीकडून कटतोस."

असेल बुवा. मला काय कळतं... मी सहावी नापास.